दोन रिबिटं आणि टॉवेलच्या चिंध्या: घरी बांधलेल्या एका बॅटरी पॅकचं प्रकरण

मे महिना. दुपारचे चार वाजून गेले होते, तरी डांबर चटके देत होतं. माझा भाचा बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी सायकलीवर टॉवेलचे सहा गठ्ठे टाकून सोलापुरातल्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यातून गोडाउनकडे निघाला होता. अशोक चौकाच्या अलीकडून त्याचा फोन आला. "मामा, सीटखालनं धूर यायलाय बघा. काय करू?"

मी म्हटलं, "आधी गठ्ठे लांब टाक. प्लग काढ, पेटी मोकळ्या जागेत ओढ आणि धुरात तोंड घालू नकोस." त्याने तसंच केलं. शेजारच्या चहाच्या गाड्यावाल्याने पेटीवर बादलीभर पाणी ओतलं, मग दुसरी बादली. बॅटरीवर पाणी टाकावं का, या भीतीने भाचा मागे सरकला होता. पण गाड्यावाल्याने केलं तेच बरोबर होतं. लिथियम सेल तापायला लागला की त्याला थंड करणं हेच खरं काम असतं आणि ते पाण्याइतकं चांगलं दुसरं काही करत नाही. वाळूने वरची ज्वाळा झाकली जाते, आत सेल तापतच राहतो.

ज्वाळा निघालीच नाही. धूर थांबला, पेटी निवली, कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दुकानाच्या अंगणात उघडली. मी मोटार वायंडर आहे, यंत्रमागाच्या मोटारी भरण्यात माझी वर्षं गेली. जळालेली गोष्ट उघडून ती कुठून सुरू झाली हे शोधणं माझं रोजचं काम, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. घरी पॅक बांधणारी पोरं आता गावोगावी आहेत आणि त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतो: सेलच्या भोवती न पेटणारं मऊ काय घालू? या पेटीने मला शिकवलं की हा प्रश्नच अर्धा चुकलेला आहे.

पेटीत काय होतं

पॅक जुन्या लॅपटॉपच्या सेलचा. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे, ६५ मिलिमीटर लांबीचे सेल, दहा-दहा समांतर जोडून अशा तेरा ओळी. एकूण १३० सेल, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट. भाच्याने होल्डर वापरले नव्हते. सेल एकमेकांना ग्लू गनच्या गोंदाने चिकटवून, निकेल पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावून, वरून निळी पीव्हीसी बाही चढवली होती. हा सगळा ठोकळा पत्र्याच्या पेटीत बसवला होता. तळाला फ्रिजच्या खोक्यातून निघालेला पांढरा फोम आणि चारी बाजूंना टॉवेलच्या चिंध्या, दुहेरी घडी करून.

सोलापुरात चिंध्या विकत घ्याव्या लागत नाहीत. कारखान्याच्या दारात टेरी टॉवेलच्या कापलेल्या कडांचा ढीग पडलेला असतो. जाड, मऊ, हाताला उबदार. काच बांधायला, मोटार पुसायला, बाळाच्या पाळण्यात घालायला, सगळीकडे तेच जातं. बॅटरीभोवतीही तेच गेलं, यात भाच्याला दोष देववत नाही.

पेटीच्या लांब बाजूला उचलण्यासाठी एक कडी होती. कडीची दोन्ही टोकं ॲल्युमिनियमच्या पॉप रिबिटांनी पत्र्याला बसवलेली. पॉप रिबिट बाहेरून गोल, गुळगुळीत दिसतं. आतल्या बाजूला मात्र त्याचं फुगलेलं, खडबडीत टोक चार-पाच मिलिमीटर बाहेर येतं. खरा धोका तिथे होता.

आता नीट बघा. दोन्ही रिबिटांमध्ये अंतर साधारण साडेअकरा सेंटिमीटर. पॅकची लांब बाजू म्हणजे तेरा ओळींमधला एकेक सेल शेजारी शेजारी उभा. म्हणजे एक रिबिट तिसऱ्या ओळीच्या सेलसमोर आणि दुसरं नवव्या ओळीच्या. सेलचं सगळं बाहेरचं भांडं हे त्याचं ऋण टोक असतं, त्यावर प्लास्टिकची पातळ साल असते एवढंच. मध्ये आणखी पीव्हीसीची बाही आणि टॉवेल. सहा ओळींचा फरक म्हणजे दोन रिबिटांमध्ये वीस-एकवीस व्होल्ट.

टॉवेल दबतो. नवा असताना फुगीर असतो, महिनाभर खड्ड्यातून सायकल गेली की त्याची चपाती होते. चपाती झाली की पॅक पेटीत हलायला लागतो. त्यात उन्हाने ग्लू गनचा गोंद मऊ पडतो आणि सेलही एकमेकांपासून सुटे होतात. प्रत्येक धक्क्याला सेलची बाजू रिबिटाच्या टोकावर घासत राहिली. टॉवेलला पडलेलं डावीकडचं भोक जुनं होतं: त्याच्या कडेला टॉवेलच्या धाग्यांची काळसर भुकटी साचलेली, पत्र्याचा गंज तिथे उतरलेला. म्हणजे ते रिबिट कितीतरी दिवस आधीच सेलच्या भांड्याला टेकलं होतं. काहीच घडलं नाही, कारण एकाच जागी टेकल्याने वीज वाहायला वाट मिळत नाही. पेटीचा अख्खा पत्रा तिसऱ्या ओळीच्या पातळीवर जाऊन बसला एवढंच. भाचा रोज त्या पत्र्याला हात लावत होता.

उजवीकडचं भोक ताजं होतं. ते ज्या क्षणी पडलं त्या क्षणी कडी, पत्रा आणि दोन रिबिटं मिळून सहा ओळींवर सरळ शॉर्ट झाला. बीएमएसला, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, याचा पत्ताही लागत नाही. बीएमएस पॅकच्या टोकाला बसतो आणि हा शॉर्ट त्याच्या अलीकडे, पॅकच्या पोटात झाला. रिबिटाचं ॲल्युमिनियमचं टोक वितळून उडालं, तिथेच वाट तुटली, म्हणून आपण वाचलो. सेलच्या भांड्यावर सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं आणि त्यातून गोडसर, नेल पॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येत होता. टॉवेलच्या दोन्ही घड्या कोळसा झालेल्या. धूर होता तो बहुतेक टॉवेलचा. कापूस ज्वाळेशिवाय धुमसत राहतो, गादीला विडीची ठिणगी लागली की रात्रभर धुमसते तसा. तळाचा फोम मात्र वितळून सेलच्या बुडांना मधासारखा चिकटला होता. तो सुरीने खरवडून काढावा लागला.

आणखी एका गोष्टीने वाचवलं. दिवसभराच्या फेऱ्या संपत आल्या होत्या, पॅक बराच उतरलेला होता. सकाळी पूर्ण भरलेला असता तर तेच छिद्र पडलेल्या सेलने काय केलं असतं, याचा विचार करवत नाही. साधारण १३० अंशांच्या आसपास सेलमधला पॉलिथिनचा पडदा वितळतो, मग आतले दोन्ही थर एकमेकांना भिडतात आणि पुढचं कुणाच्या हातात राहत नाही. शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा.

हे मी घाबरवायला सांगत नाही. पण आपलं गाव सुताचं आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ माणसं गेली. ती आग आणि ही पेटी यांचा संबंध जोडायचा नाही. मात्र सूत, गठ्ठे आणि झोपलेली माणसं एकाच छताखाली असली की आग काय करते, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि भाच्याची ही पेटी रोज रात्री जिन्याखाली, टॉवेलच्या बोचक्यांना टेकून चार्जिंगला लागत होती.

गॅसकेटच्या दुकानातून आणलेले तुकडे

पॅक परत बांधायचा ठरला. ताईचं म्हणणं होतं की बांधूच नका. तिला मी शब्द दिला की पेटी उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग मी आणि भाच्याने मिळतील तेवढे तुकडे गोळा केले. माझ्या दुकानात लेदरॉइड (मोटारीच्या खाचेत घालायचा जाड कागद), नोमेक्स (उष्णता सोसणारा कागद), मायका म्हणजे अभ्रक आणि ग्लास टेप (काचेच्या धाग्यांची पट्टी) होतेच. गॅसकेटवाल्याकडून सिलिकॉन स्पंज, निओप्रिन स्पंज आणि सिरॅमिक पेपर आणले. चपलेच्या तळव्याचं ईव्हीए आणि सोफ्यातला स्पंजही घेतला, कारण पोरं प्रत्यक्षात तेच वापरतात. अंगणात, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, प्रत्येक तुकडा चिमट्यात धरला आणि गॅसच्या टॉर्चसमोर नेला. ही काही प्रयोगशाळा नव्हती, पण डोळ्यांनी पाहिलेलं विसरत नाही.

सोफ्याचा स्पंज टॉर्च नीट रोखायच्या आत पेटला. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो, म्हणून तो प्रयोग कुणी घरात करू नये. ईव्हीए आणि पांढरा फोम वितळून थेंबाथेंबाने गळले, आणि गळणारा थेंबही पेटलेला होता. बॅटरीच्या पेटीत जळता थेंब म्हणजे वरच्या सेलची आग खालच्या सेलवर. निओप्रिन टॉर्च काढल्यावर विझला, पण काळा, झणझणीत धूर सोडून. त्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडचा अंश असतो. लेदरॉइड आधी काळं पडलं, मग पेटलं. ते शेवटी कागदच, विजेला अडवतं, आगीला नाही. बॅटरीवाले जो बार्ली पेपर किंवा फिश पेपर सेलवर चिकटवतात तोही याच जातीचा. तो वापरायचाच, पण त्याला आगरोधक समजून नाही.

नोमेक्स काळा झाला, आक्रसला, पेटला नाही. सिलिकॉन स्पंजची कड ज्वाळेत जळली, पांढरा धूर आला, मागे पांढरी राख उरली, आणि टॉर्च काढताच विझला. महत्त्वाचं म्हणजे राख होऊनही तुकड्याचा आकार टिकला. मायका लाल झाला तरी जागचा हलला नाही. सिरॅमिक पेपरची एक बाजू लाल असताना मागच्या बाजूला ठेवलेला कापूस बराच वेळ पांढराच राहिला.

तिथे भाचा म्हणाला, "मग सगळीकडे हाच सिरॅमिक घालू की." मीही क्षणभर तसंच म्हणणार होतो. पण त्याला बोटाने दाबलं आणि सोडलं, तर तो परत वर आला नाही. दबला तो दबलाच. धक्का झेलण्याच्या कामात तो टॉवेलपेक्षाही वाईट. शिवाय घासला की त्याचे बारीक धागे सुटतात आणि ते छातीत जाणं चांगलं नाही. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या, बॉयलरवर असली पांघरुणं चढवणारी माणसं तोंडाला फडकं बांधून काम करतात, आणि तेवढंही पुरेसं नसतं, त्यासाठी नीट मास्क हवा. ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्या आणि पत्रे तर भंगारात फुकट मिळत असले तरी हात लावायचा नाही.

गॅसकेटवाला सिलिकॉन देताना म्हणाला होता, "काका, व्ही-झिरो आहे, डोळे झाकून घाला." या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण सगळा गोंधळ इथे होतो. प्लास्टिक किती पेटतं हे तपासणाऱ्या यूएल ९४ या चाचणीत पट्टी उभी टांगतात, तिच्या खालच्या टोकाला छोटी ज्वाळा दहा सेकंद लावतात, काढतात, पुन्हा दहा सेकंद लावतात. दर वेळी दहा सेकंदांच्या आत विझली आणि जळत्या थेंबाने खाली ठेवलेला कापूस पेटवला नाही, तर व्ही-झिरो. म्हणजे ही पट्टी स्वतः आग पुढे नेणार नाही, एवढंच ते सांगतं. सेल फुटल्यावर त्यातून निघणारा झोत सहाशे अंशांच्या वर जाऊ शकतो आणि दहा सेकंदांनी कुणी तो बंद करत नाही. व्ही-झिरोचा फोम त्या झोताला भिंत म्हणून उभा राहील, असं ती चाचणी कुठेच म्हणत नाही.

एक सोय सांगून ठेवतो. करड्या रंगाचा प्रत्येक स्पंज सिलिकॉन म्हणून खपतो. घेण्याआधी नखाएवढा कोपरा उघड्यावर जाळून बघा. पांढरी राख राहिली तर सिलिकॉन. काळी काजळी आणि डोळ्याला झोंबणारा धूर आला तर रबराचाच दुसरा प्रकार.

मऊ कुठे, कडक कुठे

तीन दिवस आमचा वाद चालला आणि शेवटी ज्या मुद्द्यावर आलो तो असा. आमच्या धंद्यात मोटारीच्या खाचेत तार भरताना कुणी मऊ गादी घालत नाही. तार घट्ट बांधतात, पाचर ठोकतात, वार्निश पाजतात, कारण हललेली तार घासते आणि घासलेली तार जळते. मोटारीला धक्का लागू नये म्हणून रबर बुश लागतो, तो पायाखाली, बाहेर. बॅटरीचंही तसंच असायला हवं. सेल एकमेकांशी आणि आतल्या चौकटीशी कडक धरलेले. मऊपणा चौकटीच्या बाहेर, चौकट आणि पेटी यांच्या मध्ये. आणि आग अडवणारा थर त्या दोघांपासून वेगळा. एकाच वस्तूकडून तिन्ही कामं मागितली की आमच्यासारखी गत होते.

सेल बदलले. जुन्या लॅपटॉपचे सेल कितीही तपासले तरी प्रत्येकाचं पूर्वायुष्य वेगळं असतं, म्हणून नवे लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० सेल घेतले. सोळा ओळी, प्रत्येकी पाच समांतर, म्हणजे ८० सेल, ५१.२ व्होल्ट, ३० अँपिअर-तास. वजन जवळपास दुप्पट झालं आणि भाच्याने त्याबद्दल कुरकुर केली, पण हे रसायन तापल्यावर इतक्या लवकर बिथरत नाही. माझ्या मते गादी-फोमच्या सगळ्या चर्चेपेक्षा हा एक निर्णय जास्त मोलाचा आहे. ज्याला तो परवडत असेल त्याने आधी तो घ्यावा.

सेल न पेटणाऱ्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये बसवले. दोन्ही तोंडांना निकेल पट्टीवर नोमेक्स, त्यावर तीन मिलिमीटरची ग्लास इपॉक्सी शीट, आणि सगळं ग्लास टेपने आवळलं. बाजूंना शीटच्या बाहेरून मायका. पेटीतून रिबिटं काढून टाकली, कडी वेल्डिंगने बसवली, आतून कानशीने घासून बोट फिरवून पाहिलं. सिलिकॉन स्पंजच्या चौकोनी गाद्या फक्त कोपऱ्यांवर आणि तळाला ठेवल्या, झाकण बसल्यावर त्या पाव भाग दबतील एवढ्या जाड. कमी दबली तर पॅक हलतो, फार दबली तर ती गादी राहत नाही. चिकटवायला सिलिकॉन सीलंट घेतलं, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नव्हे, त्यातलं ॲसिड निकेल आणि तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागून घ्यायचं.

सगळीकडे गादी का नाही, याचं उत्तर आपला उन्हाळा. सावलीतच पारा ४२-४३ वर जातो, उन्हात उभ्या पत्र्याच्या पेटीचं तर बोलायलाच नको. फोम धक्का अडवतो तसा उष्णताही अडवतो. अख्खा पॅक त्यात गुंडाळला तर तो गोधडीत झोपल्यासारखा होतो. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून भाच्याला सांगितलं आहे की फेरीवरून आल्यावर पेटी दोन तास निवू द्यायची, मग अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बोचक्यांपासून लांब चार्जर लावायचा.

सेलच्या तोंडांसमोर एक सेंटिमीटर जागा रिकामी ठेवली. सेल फुटायचाच झाला तर तो तोंडातून वाफ सोडतो. तिथे गादी दाबून बसवली तर वाफ दुसरीकडून वाट काढते. रिकाम्या जागेला लागून पेटीच्या खालच्या अंगाला जाळीची खिडकी केली, जमिनीकडे तोंड करून, भाच्याच्या पायांपासून लांब. सिरॅमिक पेपरला एकच जागा दिली: झाकणाच्या आतून, सीट आणि गठ्ठे यांच्या खाली. तिथे त्याच्यावर दाब येत नाही आणि त्याचे धागे सुटू नयेत म्हणून त्याला ग्लास कापडाची खोळ शिवली.

हा पॅक कुठल्याही सरकारी चाचणीतून गेलेला नाही, हे मला ठाऊक आहे. २०२२ साली विजेच्या स्कूटरी पेटल्यानंतर अशा गाड्यांच्या बॅटरीसाठीच्या एआयएस १५६ या मानकात कडक दुरुस्त्या झाल्या, त्यात एक सेल बिघडला तर बाकीच्या पॅकचं काय होतं तेही तपासलं जातं. आमच्याकडे ती सोय नाही, म्हणून आम्ही पेटीवर भरवसा ठेवत नाही, तपासत राहतो. दर रविवारी मल्टिमीटरचं एक टोक पेटीच्या पत्र्याला आणि दुसरं आळीपाळीने पॅकच्या धन आणि ऋण टोकाला लावायचं. ठाम व्होल्ट दिसला की समजायचं, आत कुठेतरी एक जागा टेकली आहे. जुन्या पेटीवर हे कुणी एकदा जरी केलं असतं तरी पहिलं रिबिट तेव्हाच सापडलं असतं.

चार महिन्यांनी

गणपती गेल्यावर पेटी उघडली. सिलिकॉनच्या गाद्या होत्या तशाच, दाब काढताच पुन्हा फुगल्या. सेलच्या सालीवर कुठे ओरखडा नव्हता. पत्र्याच्या आतल्या बाजूला लाल धूळ आणि सुताचा कोंडा, तो जाळीतून आलेला, ब्रशने झाडला.

बिघाड सापडला तो मायकात. मागच्या डाव्या कोपऱ्यात त्याला तडा गेला होता आणि दोन बोटं रुंद तुकडा सुटून तळाला पडला होता. मायका उष्णतेला जुमानत नाही, पण वाकणं त्याला सोसत नाही, आणि आम्ही तो उघडाच कोपऱ्यावरून वळवला होता. वायंडिंगमध्ये आम्ही मायका कधीच एकटा वाकवत नाही, कापडावर किंवा कागदावर चिकटवलेलाच वापरतो. इथे घाईत ते विसरलो. आता चारही बाजूंना वेगळे सपाट तुकडे कापले, दोन्ही अंगांना नोमेक्स लावला, कडा कात्रीने गोल केल्या आणि कोपऱ्यावर ग्लास टेपच्या दोन पट्ट्या तिरक्या ओढल्या.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा भाच्याच्या फेऱ्या दुप्पट होतात, रात्रीही सायकल होम मैदानाकडे असते. त्याआधी डिसेंबरात पेटी पुन्हा उघडायची आहे. ताईने कॅलेंडरवर तारखेला गोल केलाय.